भिंगरीनं काय खाल्लं

केंदूरच्या शिवारात विश्वजीतच्या द्राक्षबागेत तोडणीचा तिसरा दिवस चालला होता. दुपारी दोनला व्यापाऱ्याची गाडी लागायची होती. बारा-तेरा बाया मांडवाखाली माना वर करून घड उतरवत होत्या, आणि अंजना भरलेली क्रेट शेडकडं नेत होती. शेडच्या सावलीत भिंगरी आडवी पडलेली तिनं पाहिली आणि तिचं पाऊल थबकलं.

भिंगरी म्हणजे बागेची राखणदार कुत्री. तांबूस अंगाची, लांब पायांची. कुणी ओळखीचं माणूस आलं की आनंदानं स्वतःभोवती गरगर फिरायची, म्हणून नाव भिंगरी. तोडणीच्या दिवसांत ती कधी निजून राहायची नाही. बायांच्या मागं-पुढं करायची, उसाच्या बांधापर्यंत पळत जाऊन वास घेऊन यायची. गेल्या हिवाळ्यात दिवस उगवायच्या आत बाया बागेत शिरत होत्या, तेव्हा हीच मधी आडवी उभी राहिली होती. अंगावरचे केस फुलवून अशी काही भुंकली, की बाया जागच्या जागी थिजल्या. दहा पावलांवरच्या उसातून बिबट्या निघून गेला. सगळ्यांत पुढं अंजना होती. त्या दिवसापासून आपल्या डब्यातलं काहीबाही भिंगरीला दिल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

"भिंगरे, ए भिंगरे."

शेपटी जमिनीवर एकदा आपटली, तेवढंच. कुत्रीनं मान उचलली, पोट आत ओढलं आणि पिवळट फेस ओकली. उठायला गेली तर मागचे पाय लटपटले.

अंजनानं क्रेट खाली ठेवली. ही दुसरी उलटी. पहिली तिनं दहाच्या सुमाराला लांबून पाहिली होती. तेव्हा शेडपाशी भिमाजी आबा उभे होते, विश्वजीतचे वडील. आबांनी इकडंतिकडं बघितलं, नळाची पाइप ओढली आणि उलटीवर पाणी सोडलं. जागा साफ धुऊन काढली. नंतर पिशवी घेऊन आले आणि सुनेला म्हणाले, "मी दौंडला जाऊन येतो लेकीकडं. लई दिस झालं." पुढच्या जीपनं गेलेसुद्धा. अंजनाला नवल वाटलं होतं. तोडणी ऐन भरात असताना आबा बाग सोडून कधी हलत नसत.

"दादा! विश्वजीतदादा, हिकडं या लवकर!"

विश्वजीत फोन कानाला लावूनच आला. कुत्रीला पाहिलं आणि त्यानं फोन खिशात टाकला. गुडघ्यावर बसून तिच्या हिरड्या बघितल्या, पोट चाचपलं. पोटाला हात लागताच भिंगरी कण्हली.

"काय खाल्लं हिनं? कुणी काय घातलं का?"

बाया जमा झाल्या. मग सिंधूबाई सहज बोलून गेली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. "सकाळी अंजनीनं पपई घातली व्हती की. रोजच घालती."

विश्वजीतनं मान वळवून अंजनाकडं पाहिलं. आदल्या दिवशीच दोघांची बोलाचाली झाली होती. उन्हात बायांना जेवायला अर्धा तास तरी द्या, असं सगळ्यांच्या वतीनं अंजना बोलली होती, आणि चार माणसांत विश्वजीतला ते मान्य करावं लागलं होतं. एरवी तो तिला अंजनाताई म्हणायचा, अहो-जाहो करायचा. वयानं ती त्याच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी.

"पपईत काय घातलंस?" तो म्हणाला.

तो एकवचनावर आला, हे सगळ्यांनी ऐकलं.

"पपईत काय घालीन मी? मी खाल्ली त्याच फळातली व्हती."

"कालचा राग मुक्या जिवावर काढलास व्हय?"

"दादा, तोंड सांभाळून बोला. ह्या कुत्रीनं मला बिबट्यापासून वाचवलंय."

"मग ही आडवी कशी पडली? सकाळपर्यंत चांगली व्हती. तुझ्या हातचंच खाल्लंय तिनं." त्यानं भिंगरीला दोन्ही हातांवर उचललं. "बस गाडीत. शिक्रापूरला डॉक्टरांसमोर सांग काय घातलं ते. तिथं न्हाई सांगितलंस तर पुढं कुणासमोर सांगायचं ते मी बघतो."

सिंधूबाईचं तोंड उतरलं. ती काहीतरी सावरायला गेली, पण अंजनानं हातानं थांबवलं. डोक्याचा रुमाल नीट बांधला आणि ती पिकअपच्या हौद्यात चढली. भिंगरीचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. गाडी इतक्या जोरात निघाली, की तिला एका हातानं बाजूची सळई धरावी लागली.

रस्ताभर तिच्या डोक्यात एकच विचार घोळत होता. पपई नव्हे, दुसरं काहीतरी. आणि ते तिला ठाऊक होतं.

चार दिवसांपूर्वीची गोष्ट. ती पाणी प्यायला विहिरीकडं गेली होती, तर इंजिनघराच्या मागं आबा दगडावर बसलेले. मांडीवर द्राक्षाचा घड, समोर भिंगरी. एक मणी आपल्या तोंडात, चार कुत्रीच्या. आबांना साखरेचा आजार. घरात स्नेहल, म्हणजे सून, त्यांच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवायची. स्वतःच्या बागेतलं द्राक्ष त्यांना दोन वर्षांत चाखू दिलं नव्हतं. अंजनाला पाहून म्हातारा दचकला होता.

"अंजने, हे आपल्या दोघांत बरं का."

"मी काय बघितलंच न्हाई, आबा," ती हसून म्हणाली होती.

त्यानंतर रोज, आणि आज सकाळीही आठच्या सुमाराला, आबा तिकडंच जाताना तिनं पाहिले होते. सदऱ्याचे दोन्ही खिसे फुगलेले, मागून भिंगरी उड्या मारत चाललेली.

द्राक्षानं कुत्रं आजारी पडतं का? तिला माहीत नव्हतं. गावात कुणालाच माहीत नव्हतं. कोल्हा द्राक्षं खातो, पाखरं खातात, शाळेतून येणारी पोरं खातात. पण आबांनी उलटी धुतली होती. घाईघाईनं धुतली होती आणि गाडी धरली होती. त्यांनी त्या उलटीत काहीतरी पाहिलं होतं.

सांगावं तर दिलेला शब्द मोडतो, आणि शब्द कुणाला दिलेला? गावातले काहीजण बुद्धविहारामागच्या तिच्या वस्तीचा रस्ता नांगरून टाकायला निघाले होते, तेव्हा भर ग्रामसभेत भिमाजी आबा एकटे उभे राहिले होते. "रस्ता जिथं हाय तिथंच राहील," म्हणाले होते. स्वतःच्या भावकीचा रोष घेतला होता. त्याच रस्त्यानं अंजनाची लेक करुणा शाळेला गेली, आणि आता पुण्यात नर्सिंगला होती. त्या माणसाचं नाव त्याच्या लेकासमोर घ्यायचं? आणि कोण विश्वास ठेवणार? मजूर बाई, तीही त्या वस्तीतली, अंगावर आलेला आळ ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यावर ढकलते, असंच म्हणतील.

मांडीवरच्या भिंगरीला पुन्हा उबळ आली. नुसती लाळ गळली.

शिक्रापूरच्या चौकाच्या अलीकडं एका गाळ्यात जनावरांच्या डॉक्टर सायलीचा दवाखाना होता. तिशीतली बाई, बोलणं कमी. तिनं टेबलावर भिंगरीला घेतलं, डोळ्यांत बॅटरी मारली, थर्मामीटर लावला, कातडी चिमटीत धरून सोडली. अंजना डोक्याशी उभी. विश्वजीत सारखा बोलत होता.

"मॅडम, विषबाधाय ही. औषधाच्या दुकानदाराला फोन लावला मी वाटेत. त्यो म्हनला, फवारणीच्या विषावरचं एक इंजेक्शन असतंय, ते पहिलं मारायला सांगा."

"तुमच्याकडं फवारणी कधी झाली?"

"आमच्यात बंदच हाय, तोडणी चालूय. पन शेजारी काल कांद्यावर मारलंय. आन् घरात उंदराचं औषधबी हाय. ह्या बाईनं पपईत काय कालवलं ते हिलाच विचारा."

डॉक्टरनं अंजनाकडं पाहिलं. "पपई किती दिली होती? कशी?"

"चार फोडी. साल काढून, बिया काढून. रोज तशीच देते."

"त्यानं काही होत नाही. पपई चालते कुत्र्याला." डॉक्टरनं भिंगरीचं तोंड उघडून आत बघितलं. "फवारणीचं विष असतं तर लाळेच्या धारा लागल्या असत्या, अंगाला झटके आले असते, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या असत्या. तसं दिसत नाही. उंदराच्या औषधाचा परिणाम दिसायला काही दिवस जातात. मला नेमकं कळलं पाहिजे, हिनं सकाळपासून काय काय खाल्लं आणि किती वाजता."

"ते कळून काय फरक पडतो? इलाज सुरू करा की."

"पडतो." डॉक्टर थांबली. "पोटात जे आहे ते उलटी करवून काढता येतं. पण फवारणीचं औषध पोटात असेल तर उलटी करवायची नसते. वर येताना ते घसा जाळतं, फुफ्फुसात गेलं तर कुत्री जागेवर जाते. आणि दुसरं काही असेल तर उलटी करवायला आपल्या हातात फार वेळ उरलेला नाही. म्हणून विचारते. शिळं अन्न? चॉकलेट? कांदा-लसूण? आंब्याची कोय? द्राक्षं, बेदाणे?"

"द्राक्षानं काय व्हतं?" अंजनानं विचारलं.

"किडन्या जातात. सगळ्याच कुत्र्यांच्या नाही. एखादं ओंजळभर खाऊन धडधाकट राहतं, एखादं चार मण्यांनी मरतं. कुठल्याचं काय होईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून एकही मणी द्यायचा नसतो. आधी उलट्या, मग सुस्ती, आणि दोन-तीन दिवसांत लघवी बंद. एकदा लघवी बंद झाली की फार थोडी वाचतात."

"आमची कुत्री द्राक्षाला तोंड लावत न्हाई," विश्वजीत म्हणाला. "चार वर्षं बागेत हाय. खाली पडलेला मणीबी हुंगून सोडती."

ते खरं होतं. खाली पडलेलं भिंगरी खात नसे. हातानं दिलेलं मात्र खायची.

"दादा, मला आबांना एक फोन करू द्या," अंजना म्हणाली.

"आबांना कशाला?"

"करू द्या. मग काय ते बोला."

तिनं स्वतःच्या फोनवरून नंबर लावला. बराच वेळ रिंग गेली. पलीकडं दौंडच्या एसटीचा खडखडाट ऐकू आला.

"आबा, मी अंजना. शिक्रापूरला दवाखान्यात हाय. भिंगरीचं काय खरं न्हाई. डॉक्टरीण बाई इचारतायत काय खाल्लं म्हून. आबा, तुम्हीच सांगा. मी फोन त्यांच्याकडं देते."

नुसता इंजिनाचा आवाज. मग आबा बोलले, "गाडीत हाय गं. ऐकू येईना," आणि फोन बंद झाला.

तिनं परत लावला. उचलला नाही. तिसऱ्यांदा लावला, तोही नाही.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा वाजले होते. डॉक्टर हातमोजे घालून थांबली होती. टेबलावर भिंगरीचं पोट भात्यासारखं वरखाली होत होतं, आणि तिची नजर अंजनाच्या तोंडाकडं लागलेली.

आता आपणच बोलायचं, हे अंजनाला कळलं. आबांच्या तोंडून निघालं असतं तर ती एका म्हाताऱ्याची चूक ठरली असती. तिच्या तोंडून निघालं की ती तोहमत होणार होती. तरीही ती बोलली.

"हिनं द्राक्षं खाल्ल्यात. सकाळी आठच्या सुमाराला. दोन घड तरी असतील. आबांनी चारली. चार-पाच दिस झालं, रोज चारत्यात. स्वतः एक-दोन खात्यात आन् बाकीची हिला देत्यात."

विश्वजीत टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर आला.

"माझ्या बापाचं नाव घेतीस? आबांना द्राक्ष वर्ज्य हाय. दोन वर्षं तोंडाला लावलं न्हाई त्यांनी."

"म्हूनच लपून खात्यात."

"बास! एक शब्द बोलू नको. ज्या मानसानं तुमच्या वस्तीसाठी गावाशी वाकडं घेतलं..."

"म्हून तर चार दिस गप व्हते मी, दादा. शब्द दिला व्हता. पन आता ही मरंल."

विश्वजीत डॉक्टरकडं वळला. "मॅडम, ते इंजेक्शन मारताय का न्हाई?"

"नाही. लक्षणं नसताना ते मारलं तर मीच मारीन हिला. ह्या बाई म्हणतात ते लक्षणांशी जुळतं. पण तुम्ही मालक आहात. विष घातलं असं तुम्ही म्हणता, ह्या द्राक्ष म्हणतात. उलटी करवायची तर मला तुमची परवानगी पाहिजे."

"हिच्या शब्दावर? कुत्री जागेवर गेली म्हंजी?" त्यानं टेबलाशी जाऊन भिंगरीच्या पोटाखाली हात घातले. "ऱ्हाऊ द्या. शिरूरला नेतो मी. तिथं बघतील."

शिरूर म्हणजे आणखी पाऊण तास, वाटेत हायवेची गर्दी धरली तर तासभर. डॉक्टरनं तेच सांगायला तोंड उघडलं, पण तोवर अंजना दारात जाऊन उभी राहिली होती. दार अरुंद होतं. तिनं दोन्ही हातांनी दोन्हीकडची चौकट धरली.

"बाजूला हो."

"न्हाई व्हणार."

"अंजना, बाजूला हो म्हनतो."

"मला पोलिसात द्या. उद्यापासनं कामाला येऊ नको म्हना. साऱ्या केंदुरात सांगा, हिनं विष घातलं म्हून. मी कुठं पळून जात न्हाई, घर ठाऊक हाय तुम्हाला. पन कुत्री हितनं हलवू नका. वाटंत मेली तर तुम्हालाच आयुष्यभर टोचंल."

बाहेर बाकावर शेळी घेऊन बसलेला एक माणूस उठून आत डोकावला. विश्वजीतच्या हातांवर भिंगरी लोंबकळत होती. तो एक पाऊल पुढं आला. अंजनाला त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. हा आता ढकलणार, असं तिला वाटलं, आणि तिनं चौकट आणखी घट्ट धरली.

तेवढ्यात विश्वजीतच्या खिशात फोन वाजला.

हात मोकळे नव्हते. वाजून वाजून बंद झाला. लगेच परत वाजला. डॉक्टर म्हणाली, "घ्या तो. कुत्री टेबलावर ठेवा आणि घ्या."

त्यानं भिंगरीला टेबलावर ठेवलं. फोन बघितला. स्पीकर लावायचा विचार त्याच्या मनात होता की घाईत बोट लागलं कोण जाणे, पण आबांचा आवाज सगळ्या गाळ्यात घुमला.

"इश्वा, मी तळेगावात उतरलो. स्टँडवर हाय." म्हाताऱ्याला धाप लागली होती. "त्या पोरीला काय बोलू नको. द्राक्षं म्या दिली. दोन घड. एकातलं पाच-सा मणी मी खाल्लं, बाकी समदं हिला. सकाळी उलटीत पडलेली दिसली मला. माझी चोरी उघडी पडंल म्हून मी भ्यालो रं. धुऊन टाकली. डॉक्टरला सांग... द्राक्षं म्हून सांग."

"आबा, तुम्ही..."

"मला शिव्या नंतर घाल. आधी कुत्री बघ."

डॉक्टरनं वाट पाहिली नाही. "करू?" एवढंच विचारलं. विश्वजीतनं मान हलवली. तिनं उलटीचं इंजेक्शन भरलं, मानेच्या कातडीत दिलं, आणि अंजनाला म्हणाली, "तुम्ही धरा. तुमच्यापाशी शांत राहते ती." अंजनानं चौकट सोडली. हातांना रग लागली होती, तरी तिनं भिंगरीला छातीशी धरलं.

काही मिनिटं काहीच झालं नाही. मग कुत्रीचं सगळं अंग आकसलं, आणि जे बाहेर आलं ते डॉक्टरनं ट्रेमध्ये धरलं. हिरवी, अर्धवट चावलेली द्राक्षं. काही तर अख्खीच्या अख्खी. पुन्हा उबळ, पुन्हा द्राक्षं. मधूनच पपईचे केशरी तुकडे. विश्वजीत त्या ट्रेकडं बघत उभा राहिला. नंतर बाहेर गेला आणि पिकअपला पाठ टेकून उभा राहिला.

"बरीच बाहेर पडली," डॉक्टर म्हणाली. "पण सकाळी आठपासून जेवढं अंगात भिनलं ते भिनलं. आणि चार दिवसांचं आधीचं आहे." तिनं पाण्यात कालवलेला, विष शोषून घेणारा काळा कोळसा सिरिंजनं तोंडात सोडला, पुढच्या पायाला सलाईन लावलं, रक्त काढून घेतलं. "तीन दिवस इथं राहू दे. सलाईन थांबता कामा नये. आणि लघवी किती होते ते मला कळायला हवं."

तासाभरानं रिक्षातून आबा उतरले. पिशवी अजून हातातच होती. ते लेकाकडं गेले नाहीत, डॉक्टरकडंही नाहीत. सरळ अंजनासमोर आले आणि हात जोडायला लागले. तिनं त्यांचे हात धरून खाली केले.

"असं करू नका, आबा. मी तुमचा शब्द मोडला."

"माझ्या शब्दाला काय जाळायचंय?" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "एकट्यानं खाल्ली आसती तर चोरी वाटली आसती गं. हिच्यासंगं बसलो की वाटायचं, गप्पा मारत खातोय. मला काय ठावं, मी हिला इख चारतोय म्हून."

आबा आतल्या खोलीत भिंगरीच्या शेजारी स्टुलावर बसले, ते तीन दिवस तिथंच राहिले. स्नेहल डबा आणि त्यांच्या गोळ्या घेऊन येऊन-जाऊन होती. पहिल्या दिवशी तिनं सासऱ्यांना एवढंच विचारलं, "मला सांगितलं आसतं तर दोन मणी मी देत न्हवते का?"

अंजना एसटीनं गावात परतली. दुपारची गाडी भरून गेली होती, बाया पांगल्या होत्या, पण बातमी काही पांगली नव्हती. 'अंजनानं कुत्रीला विष घातलं' हे वाण्याच्या दुकानापर्यंत पोचलं होतं, आणि पुढं काय झालं ते मात्र शिक्रापुरातच राहिलं होतं. तिचा नवरा म्हाळू रांजणगावच्या कंपनीतून आला तो विचारतच आला, "काय गं, खरं का हे?" तिनं सगळं सांगितलं. त्यानं पायातले बूट काढले. मग म्हणाला, "तू उद्या जाऊ नको तिकडं." ती म्हणाली, "न्हाईच जायची."

दुसऱ्या दिवशी सिंधूबाई येऊन रडून गेली. भिंगरीची खबरही तिनंच आणली. रक्ताचा रिपोर्ट वाईट आला होता. किडन्यांचा आकडा काल होता त्याच्या दुप्पट. सलाईनच्या बाटल्या जातायत, पण लघवी नीट होत नाही. अंजनानं त्या दिवशी घरातली भांडी दोनदा घासली. शिक्रापूरला जावं असं दहा वेळा मनात आलं, पण दारात विश्वजीत असेल म्हणून ती गेली नाही. स्वतःचाच राग येत राहिला. कुत्रीचा काय दोष?

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. विश्वजीतचा. तिनं उचलला.

"अंजनाताई!" तो जवळजवळ ओरडला. "मुतली! भिंगरी मुतली! आबांच्या धोतरावर मुतली, भरपूर!"

अंजनाला हसू फुटलं आणि डोळ्यांना पाणीही आलं. मागून आबांचा आवाज येत होता, "सांग तिला, लुगडं भिजंल एवढी मुतली!" डॉक्टरही काहीतरी बोलत होती. आकडा खाली यायला लागलाय, अजून आठवडाभर जपायचं, पुन्हा रक्त तपासायचं.

"लई चांगलं झालं," अंजना म्हणाली.

फोन कुणीच ठेवला नाही.

"ताई," विश्वजीत शेवटी म्हणाला. "उद्या येताय न्हवं कामाला? खालच्या प्लॉटची तोडणी ऱ्हायलीय."

"न्हाई."

"माझं चुकलं. मी चुकीचं बोललो तुम्हाला."

"दादा, तुम्ही ते बारा बायांदेखत बोललात. हे मात्र फोनवर बोलताय."

पलीकडून फोन ठेवला गेला. ह्यापुढं ह्या बागेत आपलं पाऊल पडत नाही, असंच अंजनाला वाटलं. करंदीकडं एका बागेत माणसं हवी आहेत असं सिंधूबाई म्हणाली होती. तिकडं जायचं तिनं मनात धरलं.

पण सकाळी सातला दारात पिकअप उभी राहिली. हौद्यात तोडणीच्या सगळ्या बाया होत्या, आणि पुढं आबा; दवाखान्यात भिंगरीपाशी आज स्नेहल थांबली होती. गाडी वस्तीच्या रस्त्यावर, विहारासमोरच थांबली होती. वस्तीतली माणसं दात घासत-घासत बाहेर आली. विश्वजीत उतरला. त्याला नजर कुठं ठेवावी ते कळत नव्हतं, आधी जमिनीकडं, मग अंजनाच्या उंबऱ्याकडं. म्हाळू अंजनाच्या मागं येऊन उभा राहिला.

"त्या दिवशी मी म्हणालो, अंजनाताईंनी कुत्रीला विष घातलं," विश्वजीत मोठ्यानं म्हणाला. आवाज चिरकला, पण तो थांबला नाही. "ते खोटं व्हतं. त्यांनी काय घातलं न्हवतं. कुत्री जगली ती त्यांच्यामुळं. मी तिला घेऊन चाललो व्हतो, त्यांनी जाऊ दिलं न्हाई. मी त्यांची माफी मागतो."

"आन् द्राक्षं मी चारली व्हती," आबा गाडीतूनच म्हणाले. "हेबी ऐकून ठेवा. ज्याच्या घरी कुत्रं हाय त्यानं द्राक्ष, बेदाणा दाखवूसुदीक नये."

कुठंतरी कोंबडा ओरडला. सगळे अंजनाकडं बघत होते. तिनं काय बोलावं ह्याचा रात्रभर विचार केला असता तर बरं झालं असतं, पण हे असं होईल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"ऐकलं मी," ती म्हणाली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. तसं अजून तिच्या मनात नव्हतं, आणि नसलेलं बोलायची तिला सवय नव्हती. "जेवायचा अर्धा तास पक्का का?"

"पक्का," विश्वजीत म्हणाला.

तिनं आत जाऊन डबा भरला. बाहेर येईपर्यंत हौद्यातल्या बायांचं बोलणं सुरू झालं होतं. डॉक्टरीण बाईंनी आबांना काय काय सांगितलं, कुणाच्या घरी कोण काय चारतं. सिंधूबाई सरकून जागा करत म्हणाली, "माझ्या घरच्या कुत्र्याला तर आंब्याची कोय चघळायला देतोय आम्ही. तीबी नको म्हनत्यात व्हय?"

"नको. आतड्यात अडकती," आबा पुढून म्हणाले. "गर द्या. कोय फेका लांब. केळं चालतंय, सफरचंद बिया काढून, कलिंगड बिया आन् साल काढून. सीताफळाच्या बियाबी पोटात जाऊ द्यायच्या न्हाईत. आन् काय दिलं, किती दिलं, ते लपवायचं न्हाई."

अंजना हौद्यात चढली. म्हाळूनं डबा वर दिला. विश्वजीतनं गाडी सुरू केली आणि खड्डे चुकवत, ह्या वेळी सावकाश, वस्तीच्या रस्त्यानं बागेकडं घेतली.